मनगटाने मारायचं की मनगट सोडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तीन वर्षं गोल्फ खेळतात, उजव्या हाताने. एका प्रशिक्षकाने त्यांना सांगितलं, "लॅग धरून ठेवा, मनगटाचा कोन शेवटपर्यंत मोडू देऊ नका." लॅग म्हणजे खाली येताना हात आणि क्लब यांच्यात टिकून राहिलेला कोन. दुसऱ्याने सांगितलं, "मनगटं एकदम सैल सोडा." त्यांनी पहिला सल्ला चार महिने मनापासून पाळला. आता चेंडू उजवीकडे जातो, अंतर वाढायच्या ऐवजी घटलंय आणि डाव्या मनगटात करंगळीच्या बाजूला दुखतं. हात आणि मनगट क्लबवर नेमकं कोणतं बल लावतात आणि कधी लावतात, हे त्यांना समजून घ्यायचंय.

मी बावीस वर्षं शिकवतोय आणि हाच गोंधळ घेऊन आलेले खेळाडू दर महिन्याला भेटतात. दोन्ही प्रशिक्षकांनी तुम्हाला स्विंगमधला एकेक क्षण सांगितला आणि तो संपूर्ण स्विंगचा नियम असल्यासारखा सांगितला. अडचण तिथे झाली. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत खाली येणं, पाव सेकंदाचा असतो, फार तर 0.3 सेकंदाचा. तेवढ्यात मनगटाचं काम तीनदा बदलतं. ते बदल कळले की कोणाचा सल्ला कुठे लागू होतो हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आधी बलांचे दोन प्रकार वेगळे करू. हातांना ग्रिपवर, म्हणजे क्लब धरायच्या भागावर, दोनच गोष्टी करता येतात. एक म्हणजे ग्रिप एखाद्या दिशेला ओढणं किंवा ढकलणं. दुसरी म्हणजे पीळ देणं: एक हात पुढे रेटतो, दुसरा मागे खेचतो आणि क्लब जागच्या जागी फिरायला लागतो, गाडीचं स्टिअरिंग दोन हातांनी फिरवल्यासारखा. शाळेत याला आपण बलयुग्म म्हणायचो. "मनगटाने मार" असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना हा पीळ अभिप्रेत असतो. प्रत्यक्षात चांगल्या स्विंगमध्ये क्लबहेडचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाचा, बहुतेक वेग ओढीतून येतो. ओढ आणि तीही फिरवणारी, हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून एक प्रयोग करून बघा.

ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब, एका बोटावर आडवा तोलून धरा. तोल सांभाळणारा बिंदू ग्रिपपासून खूप लांब, क्लबहेडच्या बराच जवळ सापडेल. साहजिक आहे, तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमच्या क्लबमध्ये सुमारे 200 ग्रॅम एकट्या क्लबहेडचे असतात. आता ग्रिपचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून क्लब खाली लोंबता ठेवा. हात आडवा उजवीकडून डावीकडे न्या. क्लबहेड मागे रेंगाळतं. मग हात थांबवत थोडा वर आणि आत, स्वतःकडे वळवा. क्लबहेड सपकन पुढे निघून जातं. चिमटीतून पीळ देणं शक्यच नाही, तरी क्लब फिरला. कारण ओढीची रेषा त्या तोलाच्या बिंदूतून जात नव्हती. ओढ बिंदूच्या बाजूने गेली की वस्तू त्या ओढीच्या रेषेत येण्यासाठी फिरते. गोफणीत दगड फिरवणाऱ्याच्या हाताकडे नीट पाहिलं तर हेच दिसतं: मूठ छोट्याशा वाटोळ्या वाटेने जाते, दोरीने दगडाला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं, आणि दगड मुठीच्या कितीतरी पट वेगाने सुटतो.

आता पाव सेकंदाच्या आत शिरू.

पहिला टप्पा, वरून खाली यायला सुरुवात होते तो. डावा हात छातीला आडवा आहे, क्लब त्याच्याशी साधारण काटकोनात आहे. हात खाली फिरायला लागतात तेव्हा मूठ ज्या दिशेला जाते ती दिशा जवळजवळ शाफ्टच्याच, म्हणजे क्लबच्या दांड्याच्याच, रेषेत असते. म्हणजे तुम्ही क्लबला लांबीच्या दिशेने ओढताय, आणि लांबीच्या दिशेने ओढलेली काठी फिरत नाही. हात फिरतोय, क्लब फिरत नाही, म्हणजे दोघांमधला कोन आणखी मिटायला बघतो. इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. सुरुवातीला लॅग निसटून जाईल म्हणून धरावा लागत नाही, तो आपोआप वाढू पाहतो. कोन आहे तेवढाच ठेवायचा असेल तर मनगटाला थोडा पीळ द्यावा लागतो आणि तोही कोन उघडण्याच्या दिशेने. हा पीळ विचार करून द्यायचा नसतो. मनगट वळण्याची हद्द संपते, हाडं आणि बंध अडतात, उजवा तळवा डाव्या अंगठ्याला आधार देतो आणि क्लब हाताबरोबर फिरू लागतो. तुमचं काम इतकंच की घाईने उजव्या हाताने रेटायचं नाही. इथेच जो जोराने रेटतो त्याचा कोन वरच उघडून जातो. गळ टाकणाऱ्याची हालचाल तशीच असते, म्हणून त्याला कास्टिंग म्हणतात. तुमच्या पहिल्या प्रशिक्षकाला बहुधा हेच थांबवायचं होतं, आणि त्या क्षणापुरतं त्यांचं बरोबर होतं.

दुसरा टप्पा हात छातीखाली येताना सुरू होतो. आता हातांना फिरण्याचा वेग आलाय. वाटोळ्या वाटेने जाणाऱ्या मुठीला आत, खांद्याकडे ओढणारं बल लागतं आणि ते बल हातातून ग्रिपवर पोहोचतं. क्लब हाताशी काटकोनात असल्याने ही आतली ओढ शाफ्टला जवळजवळ आडवी पडते, तोलाच्या बिंदूपासून लांबून जाते आणि कोन जोरात उघडू लागते. क्लबचं हे उलगडणं म्हणजेच रिलीज. मनगटाने तो केलेला नाही. हातांच्या फिरण्यातून तो झाला. हात जितके वेगाने फिरतील तितकी ही ओढ मोठी होते, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात.

आणि नेमकं इथे तुम्ही चार महिने कोन धरून बसलात. या टप्प्यात कोन मोडू नये म्हणून तुम्हाला मनगटाने उलटा, क्लबला मागे खेचणारा पीळ द्यावा लागतो. म्हणजे सगळं शरीर क्लबला पुढे फेकतंय आणि कोपराखालच्या हाताचे छोटे स्नायू त्याला मागे धरून ठेवताहेत. थोडासा उशीर फायद्याचा असतो, हे खरंच आहे. 1968 मध्ये ॲलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश अभ्यासाने स्विंगचं सर्वांत साधं रूप मांडलं: दोन दांडे, मध्ये मनगटाची बिजागरी आणि बिजागरी जास्त मागे मिटू नये म्हणून एक अडसर. ती बिजागरी स्वतः काही जोर लावत नाही, तरी खालचा दांडा योग्य वेळी उलगडून भरपूर वेगाने येतो. पुढे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गनसन यांनी याच दुहेरी लंबकाचं गणित तपशिलात केलं आणि उलगडणं जरा लांबवलं तर वेग वाढतो हेही दाखवलं. पण त्यातून "जितका उशीर तितकं चांगलं" असा निष्कर्ष निघत नाही. फार उशीर झाला तर क्लबला उलगडायला जागाच उरत नाही. चेंडू येतो आणि क्लब अजून मागेच.

तिसरा टप्पा इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब चेंडूला लागण्याच्या, आधीच्या काही शतांश सेकंदांचा. इथे क्लब इतक्या वेगाने फिरत असतो की हात त्याच्यामागे धावू शकत नाहीत. हिशेब मांडतो. क्लबहेड सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा ड्रायव्हर साधारण याच वेगाने येतो, अनेकांचा याहून जास्त. मूठ तेव्हा सेकंदाला सात-आठ मीटरने जातेय. मधलं अंतर एक मीटरपेक्षा किंचित जास्त. म्हणजे क्लब सेकंदाला सहा फेऱ्यांहून अधिक गतीने फिरतोय. स्नायूचा स्वभाव असा की तो जितक्या वेगाने आखडतो तितकं त्याचं बल घटतं, ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये हे नातं मांडलं. एवढ्या गतीने फिरणाऱ्या ग्रिपला मनगट मागून ढकलू शकत नाही. उलट ग्रिपच हातांना पुढे ओढत असते. म्हणून निष्णात खेळाडूंची मोजमापं घेतली की इम्पॅक्टच्या जरा आधी मनगटाचा पीळ उलटा झालेला दिसतो, म्हणजे क्लबला किंचित रोखणारा. हे मुद्दाम केलेलं नसतं. धावत्या गाडीला मागून ढकलणारा माणूस गाडी त्याच्यापेक्षा वेगात गेली की नुसता धरून राहतो, तसं ते आहे.

यंत्रांवर विश्वास नसेल तर वेगवान कॅमेऱ्याचं चित्र पाहा. हात इम्पॅक्टला क्लब ढकलत असते तर शाफ्ट मागे वाकलेला दिसला असता, क्लबहेड रेंगाळलेलं. प्रत्यक्षात चेंडूला लागण्याच्या क्षणी शाफ्ट पुढे वाकलेला असतो, क्लबहेड हातांच्या पुढे झेपावलेलं. याला क्लबहेडचं वजन शाफ्टच्या रेषेच्या मागे असण्याचाही हातभार आहे. पण शाफ्ट पुढे वाकलाय आणि हात त्याला मागून ढकलताहेत, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मग "मनगट सैल सोडा" म्हणणारे दुसरे प्रशिक्षक बरोबर का? पूर्ण नाही. याच क्षणी हातांवर केवढी ओढ आहे तीही बघा. 200 ग्रॅमचं क्लबहेड 50 मीटरच्या वेगाने साधारण सव्वा मीटर त्रिज्येच्या वाटेवर ठेवायला 400 न्यूटन लागतात. म्हणजे 40 किलोचं पोतं हातांना लोंबकळल्यासारखं. ती ओढ तुमची बोटं सांभाळतात. पकड लुळी असेल तर ग्रिप तळव्यात सरकते, फेस (क्लबहेडची चेंडूला लागणारी बाजू) वळतो आणि चेंडू कुठेही जातो. म्हणून मी शिकवताना दोन गोष्टी वेगळ्या सांगतो: बोटांची पकड आणि मनगटाचा ताठरपणा. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं घट्ट आणि मनगट मोकळं, हे शक्य आहे, फक्त त्याची सवय लागावी लागते. नवख्याला पकड घट्ट करायला सांगितलं की तो कोपरापासून खांद्यापर्यंत सगळं आवळतो. घरी बसल्या बसल्या ही तीन बोटं दाबून धरायची आणि त्याच वेळी मनगट वर-खाली हलवत राहायचं, असा पाच मिनिटांचा सराव मी सगळ्यांना देतो. कंटाळवाणा आहे, पण मैदानावरच्या दोन तासांइतका उपयोगी पडतो.

ऊर्जेचा हिशेबही हेच सांगतो. 50 मीटरच्या वेगाने जाणाऱ्या त्या क्लबहेडमध्ये 250 जूल ऊर्जा असते. ती पाव सेकंदात भरायची तर सरासरी 1000 वॉट लागतात, म्हणजे एक अश्वशक्तीहून जास्त. त्यातली बरीचशी शेवटच्या टप्प्यात भरली जाते, तेव्हा त्या टप्प्यातला दर याच्याही कितीतरी वर. ही ताकद कोपराखालच्या स्नायूंमध्ये नाही. ती मांड्यांत, नितंबांत, पाठीत, खांद्यांत आहे. मनगटातून ती जाते, तिथे तयार होत नाही.

मात्र हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: सगळं कमरेतून, हात नुसते दोऱ्या. तेही मला पटत नाही. दोन्ही गुडघे टेकून ड्रायव्हर मारून पाहा, चेंडू तुमच्या अंदाजापेक्षा खूप पुढे जाईल. हात खरंच काम करतात. डावा हात छातीवर आडवा ताणलेला असतो आणि खांद्यामागचे स्नायू त्याला छातीपासून सोडवून बाहेर फेकतात. उजवं कोपर वर असताना काटकोनाच्या आसपास वाकलेलं असतं आणि ते खाली येताना सरळ होतं. दंडामागचा मोठा स्नायू त्यासाठी जोर लावतो. हे सगळे जोर मुठीला वाटोळ्या वाटेवर वेग देण्यासाठी आहेत. कोपर सरळ करण्याचा जोर मुठीला पुढे न्यायला वापरला तर तो कामी येतो. तोच जोर उजव्या तळव्याने शाफ्ट उलटवायला वापरला तर तो कास्टिंग होतो. स्नायू तोच, वेळही जवळपास तीच, फक्त बल कुठे लागतंय त्यात फरक. उजवा तळवा शाफ्टला रेटतोय की दोन्ही हात मिळून ग्रिपला घेऊन जाताहेत, हे ओळखायला मला शिकवायला लागल्यावरही काही वर्षं लागली, म्हणून तुम्हाला आज कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

मुठीची वाट ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. कोन धरून ठेवणारे खेळाडू मूठ सरळ लक्ष्याच्या दिशेने ओढत नेतात. मघाचा लोंबत्या क्लबचा प्रयोग आठवा. हात सरळ रेषेत जात राहिला की क्लबहेड मागेच राहतं. हात वर आणि आत वळला की ते पुढे येतं. चांगल्या खेळाडूची मूठ चेंडूच्या आधीच सर्वांत खालचा बिंदू गाठते आणि इम्पॅक्टला वर व डाव्या बाजूला, शरीराभोवती वळू लागलेली असते. डावा पाय सरळ होतो, डावा खांदा वर जातो, आणि क्लबहेड खाली झेपावत असतानाच ग्रिप वर खेचली जाते. झोपाळ्यावर उभं राहून झोका घेणारी मुलगी झोका सर्वांत खाली असताना गुडघे सरळ करून उठते आणि झोका वाढतो. तिथे तिने मागून धक्का दिलेला नसतो, वजन फिरत असताना ते केंद्राकडे ओढून घेतलेलं असतं. ड्रायव्हर मारताना काही खेळाडूंच्या टाचा उचललेल्या दिसतात त्यामागे हेच आहे.

मुठीचा वेग तिच्या निम्म्या वाटेवरच सर्वाधिक होतो आणि नंतर कमी होतो, हेही यातूनच उलगडतं. "हात थांबवा म्हणजे क्लब फेकला जाईल" असं काही जण शिकवतात. मी तसं सांगत नाही. क्लब बाहेर उलगडताना ग्रिपला मागे ओढतो, त्यामुळे हात आपोआप मंदावतात आणि त्यांची गती क्लबमध्ये जाते. मुद्दाम थांबवायला गेलात तर थांबवणारे स्नायू फार लवकर आवळले जातात.

आता चेंडू उजवीकडे का जातो ते. मनगटाचं आतापर्यंत मी फक्त वर-खाली वळणं सांगितलं, अंगठ्याच्या बाजूला मिटणं आणि करंगळीच्या बाजूला उघडणं. आणखी दोन हालचाली आहेत: तळव्याकडे किंवा हाताच्या पाठीकडे झुकणं, आणि कोपराखालचा हात लांबीभोवती फिरणं, दाराच्या मुठीसारखा. फेस उघडा की बंद हे मुख्यतः या दोन ठरवतात. डाउनस्विंगच्या मध्यावर फेस बराच उघडा असतो आणि हाताच्या फिरण्याने तो इम्पॅक्टपर्यंत लक्ष्याच्या समोर सरळ येतो. कोन धरण्यासाठी तुम्ही डावं मनगट आणि बाहू ताठ केलेत की हे फिरणंही गोठतं. फेस उघडाच राहतो आणि चेंडूची सुरुवातीची दिशा बहुतांश फेसच ठरवतो. क्लबहेड उशिरा आलं, फेस उघडा, शाफ्ट पुढे कललेला. उजवीकडे जाणारा, जोर नसलेला फटका हा याचा ठरलेला परिणाम. तुमचं अंतर याच कारणाने गेलं, ताकद कमी पडली म्हणून नव्हे.

वर असताना डावं मनगट कसं असावं यावर माझं एकच एक मत नाही. जुन्या काळचे अमेरिकन खेळाडू बेन होगन कारकिर्दीच्या सुरुवातीला हुकने, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या फटक्याने, हैराण होते. त्यांनी डाव्या हाताची पकड बदलली आणि वर मनगट हाताच्या पाठीकडे किंचित झुकवलं, म्हणजे फेस उघडा राहील आणि कितीही जोराने मारलं तरी चेंडू डावीकडे पळणार नाही. अमेरिकेचेच डस्टिन जॉन्सन याच्या अगदी उलट करतात: वर मनगट तळव्याकडे ठळकपणे वाकलेलं, फेस बंद, आणि मग शरीर वेगाने फिरवून त्याची भरपाई. 2016 चं यूएस ओपन आणि 2020 चं मास्टर्स त्यांनी याच मनगटाने जिंकलं. स्पेनचे जॉन रॅम यांचंही मनगट जॉन्सन यांच्यासारखंच आणि बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) तोकडा. जन्मतः उजव्या पायात दोष असल्याने घोट्याची हालचाल मर्यादित आहे आणि त्यातून हा तोकडा स्विंग घडला, असं त्यांनीच सांगितलंय. तिघांची मनगटं एकसारखी नाहीत, पण प्रत्येकाचं मनगट त्याच्या पकडीशी आणि शरीराच्या फिरण्याशी जुळतं. तुमच्यासारख्या स्लाइसकडे, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या फटक्याकडे, झुकणाऱ्या खेळाडूला मी होगन यांची नक्कल करू देणार नाही. ते औषध दुसऱ्या आजाराचं आहे. तुम्ही वर असताना मनगट सपाट ठेवा, आणि डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवून घ्या, इतका की खाली पाहताना दोन-अडीच बोटांचे सांधे दिसतील.

चेंडूला लागताना मनगटाचा झटका द्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो मनात असणार. चेंडू आणि फेस यांचा स्पर्श अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास टिकतो. तेवढ्यात 46 ग्रॅमचा चेंडू शून्यावरून सेकंदाला 74 मीटरवर जातो, त्याच्यावर सरासरी सातशे किलोच्या वजनाइतकं बल येतं आणि क्लबहेडचा वेग सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. या काळात तुम्ही ग्रिपवर काहीही करा, त्या सातशे किलोपुढे त्याची गणती नाही. धक्का हाताला जाणवतो तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. शिवाय मेंदूला जाणीव होऊन स्नायू हलायला साधारण 0.2 सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा डाउनस्विंग. खाली येताना "आता सोड" असा हुकूम मनगटाला देता येत नाही. जे काही ठरवायचं ते पकडीत, बॅकस्विंगमध्ये आणि खाली वळण्याच्या त्या एका क्षणात ठरतं.

लहान फटक्यांबद्दल फार लिहीत नाही. चिपमध्ये वेग कमी, म्हणून हे सगळे परिणाम लहान होतात. तिथे मनगट शांत ठेवलेलं चालतं. वाळूच्या बंकरमध्ये मोकळं लागतं. पुटिंगचा इथे संबंध नाही.

आता तुम्ही काय करायचं. दोन आठवडे ड्रायव्हरने चेंडू मारणं बंद ठेवा. मनगट दुखतंय तोवर कोणत्याच क्लबने चेंडू मारू नका. ड्रायव्हर उलटा धरा, क्लबहेडजवळ, आणि ग्रिपचं टोक हवेतून फिरवा. "सूंऽऽ" आवाज कुठे येतो ते ऐका. कास्टिंग करणाऱ्याचा आवाज उजव्या खांद्यापाशी येतो. तुमचा, माझ्या अंदाजाने, येणारच नाही किंवा चेंडूच्या जागेच्या खूप पुढे, दबका येईल. आवाज चेंडूच्या जागी आणि तिथून जरासा पुढे आणायचा. आणताना मनगटाचा विचार करू नका, मूठ डाव्या खिशाकडून वर आणि आत वळवण्याचा करा. ताठ हातातून हा आवाज निघत नाही, त्यामुळे तुम्हाला दुसरा शिक्षक लागणार नाही.

दुखणं थांबल्यावर वेज (जवळच्या फटक्यांचा छोटा क्लब) घेऊन दोन हातांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवून हळू स्विंग करा. हात लांब असले की प्रत्येकाचं काम वेगळं जाणवतं: खाली येताना दोघे मिळून ओढतात आणि चेंडूपाशी डावी मूठ मागे-वर जात असताना उजवी तिच्या खालून पुढे निघून जाते. पुढे पाय जुळवून अर्धे फटके. पाय जुळलेले असताना जोर केला की तोल जातो, त्यामुळे जास्तीचा पीळ लगेच पकडला जातो. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, तुमच्यासारखीच कोन धरून ठेवणारी. तिला मी सलग तीन आठवडे यापलीकडे काही करू दिलं नाही आणि ती माझ्यावर चांगलीच वैतागली होती. चौथ्या आठवड्यात तिने सात नंबरचा आयर्न पूर्ण मारला तेव्हा चेंडू सरळ गेला, आणि तिचं पहिलं वाक्य होतं की हातात काहीच लागल्यासारखं वाटलं नाही. हातांवर तेव्हाही बरीच ओढ असणार. फक्त त्या ओढीच्या विरोधात कुणी लढत नव्हतं.

दुखण्याबद्दल मात्र नीट वाचा. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या पाठीकडे दुखत असेल तर तिथून जाणारी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजलेली असू शकते. क्लबला उलटा रेटणाऱ्यांत मी ते अनेकदा पाहिलंय आणि विश्रांतीने बहुतेकांचं उतरतं. दुखरी जागा तळव्याच्या टाचेपाशी, जिथे ग्रिपचं टोक टेकतं तिथे असेल, दाबल्यावर कळ येत असेल आणि पकड कमजोर झाली असेल, तर वाट पाहू नका. तिथे एक आकड्यासारखं छोटं हाड असतं. गोल्फ खेळणाऱ्यांत ते मोडतं, बहुधा डाव्याच हातातलं, आणि साध्या एक्स-रेमध्ये ते सुटून जाऊ शकतं. हाताच्या डॉक्टरांना आपण गोल्फ खेळतो हे आधी सांगा, म्हणजे गरज वाटली तर ते सीटी स्कॅन करतील. आणि तोपर्यंत ग्रिपचं टोक तळव्यात खुपसून न धरता बोटभर बाहेर ठेवून धरा.